पिकअपच्या पॉवर स्टिअरिंगचा आवाज : पंप बदलण्यापूर्वी काय तपासावे

जुन्नर तालुक्यातील ओतूर-नारायणगाव भागातून टोमॅटो, कोबी व कोथिंबीर भरून निघालेल्या पिकअप गाड्या रात्री माळशेज घाट उतरून कल्याणकडे आणि पुढे वाशीच्या बाजाराकडे जातात. नाशिककडील भाजीपाला कसारा घाटाने खाली येतो. ह्यांतील कित्येक गाड्या शेतकऱ्याने अगर शेतकऱ्यांच्या गटाने जुन्या विकत घेतलेल्या असून त्या आधीच दहा-बारा वर्षे राबलेल्या असतात. माल नाशवंत, बाजाराची वेळ ठरलेली आणि वाट उताराची व वळणांची. अशा स्थितीत गाडीचे स्टिअरिंग आवाज करू लागले म्हणजे मालकापुढे बहुधा दोनच मार्ग उभे राहतात. एक तर आवाजाकडे दुर्लक्ष करून हंगाम निभावून नेणे, किंवा गॅरेजमध्ये जाऊन सांगितला जाईल तो भाग मुकाट्याने बदलून घेणे. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

स्टिअरिंगचे आवाज दोन जातींचे असतात ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. एका जातीचा आवाज मोठा असतो, घुमणारा अगर किंचाळणारा असतो. तो चालकाला घाबरवितो, परंतु त्याचे कारण पुष्कळदा एखादी सैल क्लिप, कमी झालेले ऑइल किंवा ढिला पट्टा एवढेच निघते. दुसऱ्या जातीचा आवाज बारीक असतो. खड्ड्यातून जाताना किंवा चाक वळविताना एखादे ‘ठक्’ ऐकू येते आणि विरून जाते. गाडीत रिकामी क्रेटे असली तर तेही ऐकू येत नाही. पहिला आवाज बहुतांशी खिशाला तोशीस लावतो. दुसरा जिवावर बेतू शकतो. प्रत्यक्षात लोक पहिल्या आवाजासाठी लगेच गॅरेज गाठतात आणि दुसऱ्याकडे महिनोन्‌महिने काणाडोळा करतात, हा क्रम उलटा व्हावयास हवा.

यंत्रणा कशी चालते

ऑइलच्या दाबाने चालणारे पॉवर स्टिअरिंग ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस ह्या अभियंत्याने १९२६ च्या सुमारास आपली यंत्रणा मोटारीवर बसवून दाखविली, आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल मोटारीत ती सर्वसाधारण ग्राहकास प्रथम विकत मिळू लागली. आज गावोगावी धावणाऱ्या जुन्या पिकअपमधील योजना मूलतः तीच आहे. काही नव्या वाहनांत ऑइलऐवजी विजेच्या मोटारीने मदत मिळते. त्यांना पंपही नसतो व ऑइलचा डबाही नसतो, म्हणून पुढील विवेचन त्यांना लागू नाही.

बॉनेट उघडले म्हणजे एका लहान डब्यात, बहुधा लाल रंगाचे, ऑइल दिसते. त्या डब्यातून एक जाड, मऊ नळी पंपाकडे जाते. पंप इंजिनच्या पुलीवरील पट्ट्याने फिरतो आणि ऑइल मोठ्या दाबाने दुसऱ्या, कणखर नळीतून स्टिअरिंग बॉक्सकडे ढकलतो. चालकाने स्टिअरिंग फिरविले की बॉक्समधील झडप त्या बाजूस ऑइलची वाट मोकळी करते आणि ऑइलचा दाब चाक वळविण्यास हात देतो. काम झाल्यावर ऑइल तिसऱ्या नळीने डब्यात परत येते.

ज्या शेतकऱ्याने विहिरीवर पंप बसविला आहे त्याला ही रचना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. डबा म्हणजे विहीर, जाड मऊ नळी म्हणजे सक्शन पाइप, आणि कणखर नळी म्हणजे डिलिव्हरी पाइप. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी फूट व्हॉल्व्हच्या खाली गेले, किंवा सक्शनच्या सांध्यात भेग पडली, म्हणजे पंप हवा ओढतो, खडखडतो आणि पाणी फेकेनासा होतो. अशा वेळी पंप बिघडला असे जाणता शेतकरी म्हणत नाही. तो आधी सक्शन तपासतो. पॉवर स्टिअरिंगच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावयाचा आहे.

आवाज कशाबरोबर वाढतो?

तपासणीचा आरंभ पान्याने करू नये, कानाने करावा. गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवावे व चाके सरळ ठेवून थोडी गती वाढवावी. उभ्या गाडीतही इंजिनच्या गतीबरोबर आवाज वाढत असेल, तर त्याचे मूळ पट्ट्यात, पुलीत किंवा पंपात आहे. केवळ स्टिअरिंग फिरवितानाच आवाज येत असेल, तर पंपावर भार पडल्यामुळे तो उठतो असे समजावे. इंजिन बंद असतानाही स्टिअरिंग थोडे हलविल्यावर ‘ठक्’ किंवा करकर ऐकू आली, तर ऑइलचा व पंपाचा त्याच्याशी संबंध नाही. दोष सांध्यांत, बुशांत अगर स्टिअरिंगच्या दांड्यात आहे. आणि आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, इंजिन न्यूट्रलमध्ये टाकून रस्त्यावर थोडे अंतर गाडी नुसती घरंगळत असतानाही येत असेल, तर चाकाचे बेअरिंग किंवा टायर पाहावे. ही शेवटची परीक्षा सपाट, मोकळ्या रस्त्यावरच घ्यावी. उतारावर इंजिन न्यूट्रलमध्ये टाकणे हे परीक्षेसाठी नव्हे, कशासाठीच योग्य नाही.

एवढी चार निरीक्षणे कागदावर लिहून गॅरेजमध्ये नेली तरी मिस्त्रीचे अर्धे काम होते. ‘स्टिअरिंग आवाज करते’ एवढेच सांगणारा गिऱ्हाईक आणि ‘इंजिन थंड असताना, डावीकडे पूर्ण वळविताना घुमते, सरळ असताना नाही’ असे सांगणारा गिऱ्हाईक ह्यांच्या बिलात पुष्कळदा फरक पडतो.

घोंघावणे : हवा शिरल्याची खूण

सर्वांत जास्त ऐकू येणारा आवाज म्हणजे कण्हल्यासारखा, घोंघावणारा सूर. तो इंजिनच्या गतीबरोबर चढतो आणि चाके वळविताना अधिक तीव्र होतो. ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे पंपात गेले की दाबाखाली ते फुटतात आणि हा सूर निघतो. पंपाच्या आतील भागांना वंगण मिळते तेही ह्याच ऑइलचे. म्हणून हवा ओढीत चालणारा पंप स्वतःलाच खात असतो. आवाज आज क्लिपचा असला तरी दोन-तीन महिने तसाच ठेवल्यास तो खरोखरीच पंपाचा होतो.

प्रथम डब्यातील पातळी पाहावी. डब्यावर किंवा झाकणाच्या पट्टीवर कमाल व किमान अशा खुणा असतात; काही गाड्यांत थंड व गरम ऑइलच्या खुणा वेगळ्या असतात. झाकण काढण्यापूर्वी भोवतालची धूळ फडक्याने पुसून घ्यावी. शेतातील मातीचा एक कणही ह्या यंत्रणेस घातक ठरू शकतो. पातळी कमी असेल तर भर घालावी, पण तेथेच थांबू नये. ही बंदिस्त यंत्रणा आहे. इंजिनप्रमाणे ती ऑइल जाळीत नाही. पातळी उतरली ह्याचा अर्थ ऑइल कोठून तरी बाहेर गेले आहे. सर्व नळ्या व स्टिअरिंग बॉक्स पुसून कोरडे करावे, रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा आणि सकाळी डाग कोठे पडला ते पाहावे. कणखर नळीच्या धातूच्या टोकाशी, बॉक्समधून दांडा बाहेर येतो तेथील सीलाशी आणि रॅकची रचना असेल तर दोन्ही बाजूंच्या रबरी टोप्यांत गळती विशेषेकरून आढळते.

पातळी पुरेशी असूनही सूर येत असेल तर ऑइलचे रूप पाहावे. ऑइलवर फेस आहे काय? इंजिन चालू असताना डब्यावर पेन्सिलीने खूण करावी, मग इंजिन बंद करावे. पातळी लगेच बोटाच्या अर्ध्या पेराएवढी वर चढली, तर आत हवा कोंडलेली आहे असे निश्चित समजावे. दाबलेली हवा मोकळी होताना ऑइलला वर ढकलते.

आता ही हवा शिरते कोठून, हा खरा प्रश्न. येथेच पुष्कळ गॅरेजांतून चूक होते. बाहेर गळती दिसत नाही, ऑइल भरलेले आहे, सबब पंप गेला, असा निष्कर्ष काढला जातो. नवा पंप बसतो, चार दिवस बरे जातात आणि सूर परत येतो. मग त्या नव्या पंपालाही दोष दिला जातो. वस्तुतः दोष डबा व पंप ह्यांमधील मऊ नळीत असतो. ह्या नळीत ऑइल ढकलले जात नाही, ओढले जाते. म्हणून तिला भेग पडली किंवा तिची क्लिप ढिली झाली तर इंजिन चालू असताना ऑइल बाहेर येत नाही; बाहेरची हवा आत जाते. इंजिन बंद झाल्यावर तेथे जेमतेम ओलसरपणा येतो आणि त्यावर धूळ बसून काळसर कडे तयार होते. दिसण्यात क्षुल्लक असलेले हे कडे बारकाईने शोधले पाहिजे. जुन्या गाडीतील ही नळी इंजिनच्या उष्णतेने कडक झालेली असते. क्लिप कितीही आवळली तरी कडक रबर धातूला बिलगत नाही. अशा वेळी नळी व क्लिप दोन्ही बदलणे श्रेयस्कर. तिच्या जागी पाण्याची अगर डिझेलची कोणतीही नळी कापून बसवू नये. ऑइल सहन करणारी व ओढीने आत न चिपणारी नळीच मागून घ्यावी.

डब्याच्या तळाशी जाळी असते. ती गाळाने तुंबली तर डबा भरलेला असूनही पंप उपाशी राहतो, आणि सूर तोच. पुष्कळ डब्यांतील जाळी वेगळी निघत नाही; तेथे डबाच बदलावा लागतो, पण पंपाच्या मानाने तो खर्च थोडा आहे. ऑइलचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहण्यासारखे असतात. लाल व स्वच्छ असले तर उत्तम. तपकिरी व जळका वास असलेले ऑइल बदलण्याजोगे झाले आहे. दुधट दिसले तर त्यात पाणी किंवा हवा आहे. उजेडात चमकणारी बारीक भुकटी दिसली तर मात्र धातू झिजत आहे, आणि तेथे पंपावरील संशय योग्य ठरतो.

ऑइल कोणते घालावे ते डब्याच्या झाकणावर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ जुन्या पिकअपमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बनविलेल्या जातीचे लाल ऑइल चालते, तरी पुस्तिका सांगेल तेच प्रमाण मानावे. रस्त्यात ऑइल कमी पडले म्हणून ब्रेक ऑइल ओतण्याचा प्रकार कोठे कोठे चालतो, तो सर्वस्वी अनिष्ट आहे. ब्रेक ऑइलने ह्या यंत्रणेतील रबरी सील फुगून निकामी होतात; आणि मग पंप, बॉक्स व नळ्या एकदमच हाती घ्याव्या लागतात.

नळी अगर डबा बदलल्यानंतर आतील हवा काढून टाकावी लागते. मागील चाकांना पुढून-मागून दगड लावून पुढील चाके जॅकने जमिनीवरून उचलावीत आणि चासीखाली मजबूत स्टँड लावावेत. नुसत्या जॅकवर भिस्त ठेवून कोणीही गाडीखाली जाऊ नये. डबा भरून, इंजिन बंदच ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे. दुसऱ्या माणसाने डब्यावर लक्ष ठेवून ऑइल कमी होताच भर घालावी. बुडबुडे येणे थांबले म्हणजे इंजिन चालू करून हीच क्रिया थोडी पुन्हा करावी. पुष्कळ ठिकाणी पहिला भाग वगळून एकदम इंजिन सुरू करतात. त्यामुळे हवा घुसळली जाऊन तिचा फेस होतो आणि तो बसण्यास तासन्‌तास लागतात. फेस झालाच तर गाडी रात्रभर तशीच उभी ठेवावी, हा सर्वांत स्वस्त उपाय.

थंडीच्या दिवसांत पहाटे पहिली काही मिनिटे ऑइल दाट असल्यामुळे पंप थोडा कण्हतो. ऑइल गरम होताच सूर गेला तर काळजीचे कारण नाही. तसेच चाके एका बाजूस पूर्ण वळवून, चालक ज्याला ‘फुल कट’ म्हणतात त्या स्थितीत, फुसफुस ऐकू येते. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून झडप उघडते तिचा तो आवाज आहे, बिघाड नव्हे. मात्र ह्या स्थितीत स्टिअरिंग पाच सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, कारण ऑइल झपाट्याने तापते. बाजार समितीच्या आवारात दाटीत गाडी लावताना ही सवय विशेष जाणवते. चाक टोकाला नेऊन किंचित मागे सोडावे, एवढ्याने पंपाचे आयुष्य वाढते.

पट्ट्याची किंचाळी

सकाळी गाडी सुरू करताच किंवा चाक एकदम पूर्ण वळविताच तीक्ष्ण किंचाळी उठली आणि क्षणात थांबली, तर पट्टा पुलीवर घसरत आहे. इंजिन बंद करून, दोन पुल्यांमधील सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहावे. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला तर ताण ठीक असतो. अचूक माप पुस्तिकेत पाहावे. पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, आतून चिरा पडल्या असतील, किंवा पट्टा खाचेच्या तळाला टेकत असेल तर तो आवळून उपयोग नाही, बदलावाच लागेल. पट्ट्यावर साबण, मेण किंवा राळ चोळून आवाज बंद करण्याची युक्ती काही चालक वापरतात. आवाज जातो, दोष राहतो. पट्ट्यावर ऑइल आढळले तर ते कोठून गळते ते आधी शोधावे. नाहीतर नवा पट्टाही महिनाभरात तसाच होईल. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत थोडा ताणतो, म्हणून त्याचा ताण पुन्हा एकदा तपासावा.

चाक न वळविताही, केवळ दिवे लावल्यावर किंचाळी येत असेल, तर भार स्टिअरिंगच्या पंपाचा नसून अल्टरनेटरचा आहे. एकसारखी घरघर येत असेल तर पुलीचे किंवा ताण देणाऱ्या लहान चाकाचे बेअरिंग ऐकावे. त्यासाठी लांब पेचकसाचे टोक ज्या त्या भागाच्या न फिरणाऱ्या अंगाला लावून मूठ कानाच्या हाडाशी धरावी. दोष असलेल्या भागाशी आवाज स्पष्ट खरखरतो. हे करताना उपरणे, सैल बाही, पदर किंवा हातातील कडे पट्ट्याजवळ येणार नाही ह्याची खबरदारी अत्यावश्यक आहे. विजेवर चालणारा पंखा इंजिन तापल्यावर अकस्मात फिरू लागतो, हेही विसरू नये.

काही मिस्त्री पट्टा क्षणभर काढून इंजिन चालवितात. आवाज गेला तर पट्ट्यावरील भागांत दोष आहे असे ठरते. परीक्षा योग्य आहे, पण ती उभ्या गाडीवर व थोडाच वेळ करावयाची. तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवीत असेल तर इंजिन लवकर तापते. शिवाय अनेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. तो पट्टा नसेल तर थोड्याच वेळात ब्रेकची मदत संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. पट्टा तुटलेल्या गाडीत ‘स्टिअरिंग जरा जड आहे एवढेच, घाट उतरून घेऊ’ असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. किंचाळणारा पट्टा वरच्या गावी बदलण्यास लागणारा अर्धा तास माळशेजच्या वळणांवर मिळत नाही.

ठक् ठक् : ह्या आवाजास मुदत नाही

पंप पूर्ण बंद पडला तरी पिकअपचे स्टिअरिंग आणि चाके ह्यांमधील लोखंडी जोड कायम असतो. स्टिअरिंग फार जड होते, पण गाडी वळते. ट्रॅक्टरवरील पुष्कळ पॉवर स्टिअरिंगमध्ये असा जोड नसून चाके केवळ ऑइलने वळतात. म्हणून ट्रॅक्टरचा अनुभव पिकअपला लावू नये व पिकअपचा ट्रॅक्टरला. पिकअपमध्ये खरा धोका आहे तो हा लोखंडी जोडच निसटण्याचा. टाय रॉडचे टोक सुटले म्हणजे एक चाक एका दिशेस व दुसरे दुसऱ्या दिशेस जाते, आणि मग चालकाच्या हातात काहीच उरत नाही. तसे होण्यापूर्वी सांधा बहुधा पुष्कळ दिवस सूचना देत असतो, ती हीच ‘ठक् ठक्’.

तपासणीस दोन माणसे पुरतात. गाडी जमिनीवर, इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग चार बोटांइतके डावी-उजवीकडे झटपट हलवावे. दुसऱ्याने पुढून वाकून स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंतच्या प्रत्येक सांध्यावर क्रमाने तळहात ठेवावा. ढिलाई, म्हणजे मिस्त्री ज्याला ‘प्ले’ म्हणतात ती, डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते. ज्या सांध्यात एक दांडा हलतो आणि दुसरा क्षणभर मागे राहतो, तो सांधा गेला. बॉक्स ज्या बोल्टांनी चासीला बसविलेला आहे त्यांवरही हात ठेवावा. वर्षानुवर्षे भार वाहिलेल्या गाडीत हे बोल्ट ढिले होतात, आणि बॉक्सच सरकू लागला म्हणजे आवाज पंपाचा वाटतो.

त्यानंतर चाक उचलून, स्टँड लावून, ते दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे धरून हलवावे. मग वर-खाली धरून हलवावे. डावी-उजवीकडे ढिलाई असेल तर टाय रॉडचा सांधा अगर बेअरिंग, वर-खाली असेल तर बेअरिंग किंवा चाकाचा बॉल जॉइंट किंवा किंग पिन. ह्यांतील भेद ओळखण्याची एक सोपी रीत आहे. दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा व चाक पुन्हा हलवावे. ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग. राहिली तर सांधा.

सांध्याच्या नटाला आडवी पिन असते. ती जुनी पिन सरळ करून पुन्हा घालणे, किंवा तिच्या जागी कुंपणाची तार पिळणे, हे रस्त्याकडेच्या दुरुस्तीत सर्रास आढळते. पिन काही रुपयांची असते. नट सुटला तर सांधा निसटतो. टाय रॉड वाकला अगर तडकला तर तो तापवून सरळ करू नये आणि वेल्डिंगही करू नये, मग वेल्डर कितीही हुशार असो. नांगराचा फाळ शेतात तुटला तर नुकसान फाळाचे होते. हा दांडा घाटात तुटतो. तो नवाच बसवावा. रबरी टोपी फाटलेल्या सांध्यात पावसाळ्यातील चिखल शिरतो व तो एका हंगामात खाऊन टाकतो. टोपी फाटलेली दिसताच, आवाज नसला तरी, सांध्याची तपासणी करून घ्यावी. ग्रीस भरण्याचे निपल असेल तेथे नेमाने ग्रीस द्यावे.

सर्वच ठकठक भीतीची नसते हेही खरे. चाक न वळविता केवळ खड्ड्यातून जाताना आवाज आला तर पाट्यांचे बुश किंवा शॉक अब्सॉर्बर पाहावे. केबिनच्या आत, पायांजवळ टिकटिक आली तर स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा पाहावा. हा मात्र पुन्हा ज्याला मुदत देता येत नाही अशा वर्गातला. आणि स्टिअरिंगच्या प्रत्येक फेऱ्यात कोरडी घासर येत असेल, तर ती बहुधा हॉर्नच्या संपर्क-पट्टीची असते. तिच्यासाठी कोणी स्टिअरिंग बॉक्स उघडू लागल्यास त्यास थांबवावे.

पंपच गेला असेल तर

ऑइल स्वच्छ व पुरेसे, हवा नाही, नळी व जाळी चांगली, पट्टा योग्य ताणाचा, आणि तरीही सूर कायम. त्यातच पंपाची पुली हाताने धरून हलविता ढिलाई जाणवते, दांड्याजवळून ऑइल झिरपते किंवा ऑइलात धातूची भुकटी आहे. एवढे जमल्यावर पंप दोषी ठरविण्यास हरकत नाही. चांगल्या गॅरेजमध्ये दाब मोजण्याचे घड्याळ असते. ते पंप व बॉक्स ह्यांच्या मध्ये जोडून पंप ठरलेला दाब देतो की नाही ते काही सेकंदांत कळते. पंप बदलण्यास सांगणाऱ्या मिस्त्रीस ही परीक्षा करून दाखविण्याची विनंती करणे हा मालकाचा हक्क आहे. त्यात अविश्वास दाखविल्यासारखे काही नाही.

जुन्या पंपाची भुकटी नळ्यांत व डब्यात उरते. म्हणून परतीची नळी एका डब्यात सोडून जुने ऑइल पूर्ण काढावे, स्वच्छ ऑइल फिरवून यंत्रणा धुवावी आणि डबा अगर जाळी नवी बसवावी. हे वगळले तर नवा पंप जुन्या पंपाचाच कचरा गिळतो. नवा पंप ऑइलवाचून क्षणभरही फिरवू नये; प्रथम पुली हाताने फिरवून ऑइल आत येऊ द्यावे. दाबाची नळी चासीला किंवा आडव्या पट्टीला टेकत नाही ना, तेही शेवटी पाहावे. नुसती टेकलेली नळीसुद्धा सबंध केबिनमध्ये घुमते, आणि नवा पंप बसवूनही आवाज गेला नाही अशी तक्रार घेऊन मालक परत येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या कामी एक गोष्ट सहज करण्यासारखी आहे. शेतकरी गटाच्या बैठकीस आलेल्या दोन-तीन पिकअपवर सांध्यांची ही हाताने करावयाची तपासणी प्रात्यक्षिक म्हणून दाखवावी. त्यास अर्धा तासही लागत नाही. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा वर्ग असेल तर तेथील निदेशकांस बोलवावे. हंगामाच्या तोंडावर, क्रेटे अजून घरात रचलेली असतानाच हे उरकावे. माल तोडणीस आल्यावर गाडी एक दिवसही रिकामी राहत नाही. टाय रॉडचे टोक बदलले असेल तर पुढील चाकांची जुळणी त्याच फेरीत तालुक्याच्या गावी करून घ्यावी, नाहीतर टायर एका कडेने झिजून महिन्याभरात नवाच खर्च उभा राहतो.